कोड्यावर फिरलेला पॉलिशचा हात

लाकडी जिगसॉ कोड्याचा एक तुकडा चिमटीत धरून कडेने पाहिला, तर चार थर दिसतात. तळाशी लाकूड, त्यावर चिकटवणाची पुसट रेघ, मग छापील कागद आणि सगळ्यात वर पारदर्शक लेप. कोड्यांच्या इतिहासात पहिल्या तिघांचं कौतुक भरपूर झालं. लाकूड कुठलं, करवत कशी, चित्र कुणाचं, याबद्दल संग्राहक तासन्‌तास बोलतात. चौथा थर इतका पातळ, की तो लक्षातच येत नाही. पण कोडं ही भिंतीवरची तसबीर नव्हे. ते घामेजल्या बोटांनी दाबलं जातं, टेबलावर घासलं जातं, डब्यात एकमेकांवर आपटलं जातं. शंभर वर्षांपूर्वीचं कोडं आज सुखाने जुळवता येतं, की त्याच्या चित्राचे पोपडे निघालेले असतात, याचा निकाल बऱ्याच अंशी हा वरचा लेपच लावतो. आणि त्या लेपाचा मोठा काळ भारतातल्या पळस-कुसुंबाच्या रानांशी जोडलेला आहे.

कोड्याचा जन्म लंडनचा, १७६०च्या दशकातला. जॉन स्पिल्सबरी हा तरुण तांब्याच्या पत्र्यावर नकाशे कोरण्यात तरबेज होता. राजा तिसरा जॉर्ज याचा भूगोलकार थॉमस जेफरीज याच्याकडे त्याने उमेदवारी केली आणि पुढे ड्रुरी लेनजवळ रसेल कोर्टात स्वतःचं दुकान थाटलं. नकाशा छापायचा, महोगनीच्या पातळ फळीवर चिकटवायचा आणि देशांच्या सीमांवरून बारीक करवत फिरवायची, असा त्याचा उद्योग. १७६३ सालच्या लंडनच्या एका व्यवसायसूचीत त्याची नोंद भूगोल शिकवणं सोपं व्हावं म्हणून लाकडावर नकाशे कापणारा अशी आहे. त्याचा १७६६ सालचा युरोपचा नकाशा आजही जपून ठेवलेला आहे. १७६९ साली, जेमतेम तिशीत, तो वारला.

शोधाचं सगळं श्रेय मात्र त्याच्या एकट्याच्या पदरात टाकता येत नाही. लंडनमध्ये श्रीमंतांच्या मुलींना शिकवणाऱ्या फ्रेंच लेखिका जान-मरी लप्रँस द बोमाँ याही त्याच सुमारास लाकडी नकाशे वापरत होत्या. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ या परीकथेचं आज सर्वांना ठाऊक असलेलं रूप त्यांचंच. तिसऱ्या जॉर्जच्या मुलांचं संगोपन पाहणाऱ्या लेडी शार्लट फिंच यांच्याकडे अशा नकाशांची कपाटं होती. राजपुत्र आणि राजकन्या त्यांवर भूगोल शिकल्या. १८१४ साली जेन ऑस्टेनची ‘मॅन्सफील्ड पार्क’ प्रसिद्ध झाली, तोवर हे खेळणं सुखवस्तू घरांत इतकं रुळलं होतं, की युरोपचा नकाशा जुळवता न येणारी गरीब नातलग मुलगी कादंबरीत मावसबहिणींच्या कुचेष्टेचा विषय होते.

महोगनी निवडण्यामागे व्यवहार होता. ब्रिटनने १७२१ साली अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींमधून येणाऱ्या इमारती लाकडावरची जकात उठवली आणि जमैकाची महोगनी लंडनच्या गोदीत जहाजं भरभरून उतरू लागली. हे लाकूड पातळ चिरलं तरी सहसा पीळ खात नाही, त्याचा पोत एकसारखा असतो आणि करवतीखाली ते फाटत नाही. वरच्या कागदासाठी हे फार मोलाचं होतं. फळी वाकली की कागद ताणला जातो, ताणलेला कागद कडेने सुटतो आणि एकदा कड सुटली की पोरांची नखं पुढचं काम करतात.

त्या काळच्या कोड्यांचे आतले तुकडे एकमेकांत अडकत नसत. कडेच्या तुकड्यांना तेवढे खाचे आणि कंगोरे असायचे. बाकीचे देश नुसते शेजारी शेजारी सरकवून ठेवायचे. साहजिकच प्रत्येक तुकड्याला पुन्हा पुन्हा बोट लागायचं, ढकलावं लागायचं. कागद चिंध्यांपासून बनवलेला, म्हणून दणकट. पण रंग हाताने भरलेले आणि तेही पाण्यातले. छापखान्यांत रांगेने बसलेल्या बायका आणि मुलं एकेक रंग भरत छापील कागद पुढे सरकवत. अशा रंगावर ओलं बोट फिरलं, तर फ्रान्स आणि स्पेन एकमेकांत मिसळायला वेळ लागत नसे.

मग त्यावर व्हार्निश मारून मोकळं व्हावं, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण कोऱ्या कागदावर थेट व्हार्निश मारलं, तर कागद ते पिऊन टाकतो, तेलकट होतो, काळवंडतो आणि खालचं लाकूड वर डोकावू लागतं. यावरचा उपाय नकाशे आणि चित्रं छापणाऱ्यांना ठाऊक होता. आधी कागदाची तहान भागवायची. त्यासाठी जिलेटिनचं किंवा माशाच्या वाताशयापासून काढलेल्या पारदर्शक सरसाचं पातळ पाणी मऊ ब्रशने, रंग न विसकटता, एकदाच फिरवायचं. वाळलं की दुसरा हात. कागदाची छिद्रं अशी बुजली की मगच व्हार्निश. एकोणिसाव्या शतकातले शाळांचे मोठे भिंतीवरचे नकाशे याच रीतीने तयार होत. आज ते मधासारखे पिवळे पडलेले, बारीक तडे गेलेले दिसतात, तो दोष छपाईचा नसून त्यावरच्या व्हार्निशचा आहे.

हे व्हार्निश अनेक प्रकारच्या राळांचं असे. भूमध्य समुद्राकाठची मस्तकी, उत्तर आफ्रिकेचा सँडरॅक, पूर्वेकडच्या बेटांवरचा डामर आणि सगळ्यांत कठीण म्हणजे पूर्व आफ्रिकेचा कोपल. मराठी सुतार आणि रंगारी ज्याला चंद्रूस म्हणत आले, तो हाच माल. झांझिबारला बस्तान बसवलेले कच्छी-गुजराती व्यापारी तो जमिनीतून खणून आणणाऱ्यांकडून विकत घेत. त्यातला बराचसा मुंबईच्या बंदरात येऊन पुढे युरोपला रवाना होई, म्हणून युरोपच्या बाजारात त्याच्या नावाला मुंबई चिकटली होती. जवसाच्या तेलात शिजवलेला चंद्रूस काचेसारखी कडक चमक देतो. घोडागाडीवर ती शोभते. कोड्यावर मात्र तिचे दोन दोष उघडे पडतात. जवसाचं तेल काळाबरोबर पिवळं होतं आणि कडक थर करवतीखाली कडेने टवके सोडतो.

१८३७ साली गोडफ्रॉय एंगेलमान याने रंगीत शिळाछापाचं पेटंट घेतलं आणि पुढच्या काही दशकांत चित्रांचं जग पालटलं. हाताने रंग भरण्याची गरज संपली. दगडावरून एकेक रंग छापत दहा-बारा रंगांची झळझळीत चित्रं निघू लागली. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली आणि मॅक्लॉक्लिन ब्रदर्स यांनी आगगाड्या, जहाजं, परीकथा लाकडावर चिकटवून मुलांसाठी कोडी काढली. शिळाछापाची शाई तेलाची असल्यामुळे ती पाण्याने विरघळत नाही, ही लेप देणाऱ्यासाठी मोठी सोय होती. शिळाछाप कागद लावलेल्या लाकडी खेळण्यांवर व्हार्निशचा हात मारण्याची रीत त्या काळात सर्रास होती. मराठी घरांना हे तंत्र दुसऱ्या वाटेने परिचयाचं झालं. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत गिरगावला छापखाना काढला, जो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांना ओलिओग्राफ म्हणत. छापील कागदाला तैलचित्राचा भास यावा, म्हणून त्यावर व्हार्निशची झळाळी चढवणं हा या प्रकाराचा गाभाच होता.

मोठ्या माणसांना कोड्यांचं वेड लागलं ते १९०७-०८ च्या सुमारास, बोस्टन आणि आसपासच्या भागात. १९०९ साली पार्कर ब्रदर्स या कंपनीने आपले बाकीचे खेळ बाजूला ठेवून सगळा कारखाना ‘पास्टाइम’ नावाच्या लाकडी कोड्यांना जुंपला. पायाने चालवायच्या करवतीवर बहुतेक बायका बसत. शिवणयंत्र चालवणाऱ्या पायांना ती लय सरावाची होती. चित्रातल्या रंगांच्या सीमारेषेवरूनच कापायचं, मध्येच एखादा तुकडा पक्ष्याच्या, किटलीच्या, आकड्याच्या आकाराचा काढायचा, हे त्यांचं कसब. डब्यावर चित्र नसे. पाचशे तुकड्यांच्या कोड्याला त्या वेळी सुमारे पाच डॉलर पडत आणि साध्या कामगाराची महिन्याची कमाई पन्नास डॉलरच्या आसपास होती. त्यामुळे हा शौक आधी बंगल्यांत आणि सुट्टीच्या घरांतच रमला.

याच काळात घरगुती फोटोही मुबलक झाले. फोटो फळीवर चिकटवणं ही छापील चित्राहून अवघड बाब. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. खळ किंवा सरस लावला की तो ओल धरून फुगतो, कागद वळतो, वाळताना आकसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावर कोरडा उपाय निघाला. लाखेचा लेप दिलेला पातळ कागद फोटो आणि पुठ्ठा यांच्यामध्ये ठेवायचा आणि वरून गरम दाब द्यायचा. लाख वितळते, दोन्ही बाजू पकडते, पाण्याचा थेंबही लागत नाही. फोटोग्राफरांच्या स्टुडिओत हा कागद अनेक वर्षं चालला. म्हणजे कोड्यावर लाखेचंच पॉलिश मारलं, तर फोटोच्या खालीही लाख आणि वरही लाख.

ही लाख यायची कुठून, तर जवळजवळ सगळी भारतातून. छोटा नागपूरचं पठार हे तिचं माहेर. आपल्याकडे गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यातही पळसावर लाख घेतली जाते. लाखेचा किडा मोहरीहून बारीक. त्याची पिल्लं झाडाच्या कोवळ्या फांदीवर वस्तीला बसतात, रस शोषतात आणि अंगातून राळ सोडत स्वतःभोवती कवच चढवतात. हजारो किड्यांची कवचं मिळून फांदीवर खडबडीत लालसर पापुद्रा धरतो. पळस आणि बोरीवरच्या लाखेला रंगीनी म्हणतात, कुसुंबावरच्या लाखेला कुसुमी. कुसुमीचा रंग फिका, म्हणून भाव जास्त. दोन्हींची वर्षाला दोन-दोन पिकं निघतात.

पुढचं काम मिर्झापूर, झालदा, बलरामपूर या गावांतल्या भट्ट्यांवर चाले. फांद्यांवरून खरवडलेली लाख आधी कुटायची, मग दगडी नांदीत पाणी घालून पायांनी तुडवायची. निघणारं लाल पाणी म्हणजे रंग. एके काळी खरी किंमत त्याचीच होती, कारण त्या रंगात लोकरी कापड रंगत असे. रासायनिक रंग आले तसा हा व्यापार बसला आणि मागे उरलेल्या दाण्याला भाव आला. हा दाणा लांबलचक कापडी पिशवीत भरायचा. कारागीर कोळशाच्या भट्टीसमोर बसून पिशवीचं एक टोक पिळत राहतो आणि आचेने वितळलेली लाख कापडातून पाझरते. दुसरा ती खरवडून गरम पाण्याने भरलेल्या नळकांड्यावर पसरतो. मग त्या मऊ पोळीची कडा हातात, पायाच्या बोटांत आणि दातांत धरून तो आगीपुढे ताणत जातो. बघता बघता माणसाएवढा पारदर्शक नारिंगी पडदा तयार होतो. गार झाला की त्याचे तुकडे होतात. हीच चपडी लाख, हेच शेलॅक. कलकत्त्याच्या गोदीतून ते लंडन, हॅम्बुर्ग, न्यूयॉर्कला जाई.

बाजारात भेसळ आणि सजावट दोन्ही चालत. लाख लवकर वितळावी म्हणून झाडाची साधी राळ मिसळत, रंग पिवळा तेजदार दिसावा म्हणून हरताळ घालत. खुर्ची-टेबलाला हा माल चाले, चित्राला नाही. निळ्या आभाळावर नारिंगी लाखेचा हात फिरला की आभाळ हिरवट दिसू लागतं. म्हणून चित्रांसाठी क्लोरीनच्या द्रावणाने पांढरी केलेली लाख वापरली जाई. तिची खोड अशी, की ती फार काळ टिकत नाही. साठवून ठेवलेली पांढरी लाख स्पिरिटात नीट विरघळेनाशी होते आणि जुनं द्रावण कागदावर चिकटच राहतं. जाणते कारागीर म्हणूनच लागेल तेवढीच लाख भिजत घालत.

एवढे नखरे सोसूनही लाख घरोघरच्या कामाच्या खोल्यांत राज्य करत राहिली, याला कारणं होती. स्पिरिट उडून जातं आणि लेप काही मिनिटांत हाताला कोरडा लागतो, त्यामुळे त्यावर धूळ बसत नाही. दुसरा हात मारला की त्यातलं स्पिरिट पहिल्या थराला किंचित विरघळवतं आणि दोन्ही थर एकजीव होतात. ओरखडा पडला तर स्पिरिटात बुडवलेला बोळा फिरवून तो मिटवता येतो. जवसाच्या तेलाचं व्हार्निश यातलं काहीच करू देत नाही. लाखेचे शत्रूही ठरलेले. गरम कपाचा तळ टेकला की पांढरं कडं उमटतं. दारूचा थेंब सांडला की चमक गेली. उन्हाळ्यात बंद डब्यात तुकडे दाबून ठेवले, तर ते एकमेकांना चिकटू शकतात. चित्र, सतत लागणारे हात आणि लाख यांचा मेळ सावंतवाडीच्या कारागिरांनी आपल्या गोल गंजिफांवर कधीचाच घातला होता. बोस्टनचे कोडेकार त्याच गणिताला वेगळ्या वाटेने पोचले.

घरगुती लाकडी कोड्यांचा खरा बहर मात्र संकटाच्या काळात आला. १९२९ नंतरच्या मंदीत अमेरिकेत लाखो लोक बेकार झाले. कोडं हा स्वस्तातला, घरबसल्या, दीर्घकाळ पुरणारा विरंगुळा ठरला. १९३२च्या शरद ऋतूत पंचवीस सेंटांची पुठ्ठ्याची साप्ताहिक कोडी वृत्तपत्रांच्या टपऱ्यांवर आली आणि १९३३च्या सुरुवातीला पुठ्ठ्याच्या कोड्यांचा खप आठवड्याला एक कोटीपर्यंत गेला. दुसरीकडे काम गमावलेले वास्तुरचनाकार, सुतार, कुशल कारागीर तळघरात करवत लावून लाकडी कोडी कापू लागले. जुन्या दिनदर्शिकांची चित्रं, मासिकांची रंगीत पानं, प्लायवूडचा तुकडा आणि वर लेपाचा हात, एवढ्या भांडवलावर संसाराला हातभार लागायचा.

ही कोडी बरेचदा विकली न जाता भाड्याने फिरत. औषधांच्या दुकानांत, वाचनालयांत रोजाच्या काही सेंटांवर कोडं घरी नेता येई. इंग्लंडमध्ये १९३३ साली लाकडी कोडी सभासदांना पुरवणारं ब्रिटिश जिगसॉ पझल लायब्ररी सुरू झालं, तिथेही डब्यावर चित्र नसे. विकत घेतलेलं कोडं वर्षातून दोन-चारदा उघडलं जातं. भाड्याचं कोडं आठवड्याला नव्या घरात, नव्या हातांत, चहा-कॉफीच्या नव्या टेबलावर जातं. पुसता येईल असा पृष्ठभाग ही तिथे हौस उरली नाही, धंद्याची गरज झाली.

त्या घरगुती कामाची पायरी-पायरी जवळून पाहण्यासारखी आहे. पाव इंच जाडीचं प्लायवूड पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायचं, भुसा फडक्याने टिपायचा. चित्र चिकटवताना मधून कडेकडे तळहात फिरवायचा, म्हणजे हवेचे फुगे निघून जातात. एक फुगा राहिला तरी तो नेमका करवतीच्या वाटेवर येतो आणि तिथला कागद उचलला जातो. रात्रभर वजनाखाली ठेवायचं. सकाळी लेपाचा पहिला हात अगदी पातळ, फक्त कागद बंद करण्यापुरता. तो वाळला की आणखी एक-दोन हात, प्रत्येक वेळी आधीच्या ब्रशच्या दिशेला आडवा. फळीच्या पाठीलाही एक हात द्यावा लागतो. एकाच बाजूने बंद केलेलं लाकूड दुसऱ्या बाजूने दमट हवा शोषतं आणि वाकतं.

मग करवत. लेप कापण्याआधी द्यायचा की नंतर, हा कोडेकारांचा जुना वाद, पण अनुभवाचं पारडं बहुतेक आधीच्या बाजूने झुकतं. पात्याने खाल्लेली फट इतकी अरुंद असते, की कापल्यानंतर दिलेला लेप सांध्यात उतरतो. मग तुकडे एकमेकांना धरून बसतात किंवा कडा फुगून पुन्हा जुळेनाशा होतात. आधी लेप दिला तर तो कागदाला जणू बांधून ठेवतो आणि पात्याखाली कागदाची लव निघत नाही. अट एकच, थर जाड नको. जाड थर कडेला टवके सोडतो. कापून झाल्यावर सगळं कोडं दोन फळ्यांमध्ये धरून उलटायचं आणि पाठीमागची कुसळं बारीक पॉलिश पेपरने काढायची. पाठीवर मेणाचा बोळा फिरवणारे काही जण होते, कच्चं लाकूडच ठेवणारेही होते.

याच मंदीत न्यूयॉर्कमध्ये फ्रँक वेअर आणि जॉन हेन्रिक्स या दोघांनी १९३२ साली ‘पार’ कंपनी उभी केली. घरच्या टेबलावर सुरू झालेलं हे काम लवकरच चित्रपटतारे आणि धनिकांपर्यंत पोचलं. प्रत्येक कोड्यात समुद्रघोड्याच्या आकाराचा एक तुकडा ही त्यांची सही. ते ग्राहकाच्या नावाची अक्षरं, वाढदिवसाची तारीख तुकड्यांत कापून देत. मालकाच्या आयुष्यातलं काहीतरी कोड्यात उतरवण्याची ही हौसच पुढे फोटोच्या कोड्यांपर्यंत आली.

दुसऱ्या महायुद्धाने लाखेची कोंडी केली. ग्रामोफोनच्या रेकॉर्डमध्ये लाख लागायची, लष्करी कामातही लागायची आणि माल यायचा हिंदी महासागर ओलांडून. १९४२ साली अमेरिकेच्या युद्ध उत्पादन मंडळाने रेकॉर्ड कंपन्यांच्या लाखेच्या वापरात ७० टक्के कपात केली. १९४८ साली विनाइलच्या लाँग-प्ले रेकॉर्ड आल्या आणि लाखेचं एक मोठं गिऱ्हाईक कायमचं गेलं. लाकडी लेपांच्या दुनियेतही स्पर्धा उभी होती. १९२०च्या दशकात ड्यूपाँ कंपनीने मोटारींसाठी आणलेलं ड्यूको हे नायट्रोसेल्युलोज लॅकर झटपट वाळायचं आणि पाण्याला दाद देत नसे. १९४९ साली इलिनॉयमध्ये एडवर्ड सेमूर याने रंग फवारणारा डबा तयार केला. ब्रशचा स्पर्शही न होता पारदर्शक लेप देण्याची सोय त्यातून घरोघरी आली.

लेपाची सोय वाढली, तेव्हाच लाकडी कोडी मात्र मागे पडली. युद्धानंतर मजुरी चढली आणि हाताने कापलेल्या तुकड्याचा दर पुठ्ठ्यापुढे टिकेना. पास्टाइमचं उत्पादन १९५०च्या दशकात संपलं. पार कंपनी थंडावल्यावर रिकाम्या झालेल्या जागेत १९७४ साली व्हर्माँटमध्ये स्टीव्ह रिचर्डसन आणि डेव्ह टिबेट्स यांनी ‘स्टेव्ह’ सुरू केली आणि हाताने कापलेल्या महागड्या कोड्याला पुन्हा गिऱ्हाईक मिळवलं. १९९०च्या दशकात इंग्लंडच्या वेंटवर्थने आणि २००५ नंतर कोलोरॅडोच्या लिबर्टीने लेसर किरण वापरून लाकडी कोडी कापली. किरणाची फट केसाइतकी, पण कडा जळून तपकिरी होते आणि काजळीचा डाग चित्रावर येऊ शकतो. वरचा लेप, किंवा कापताना लावलेला आणि नंतर सोलून काढायचा कागद, आता घामापासून नव्हे तर धुरापासून चित्र वाचवू लागला.

इंकजेट प्रिंटर घरात आल्यावर फोटोचं कोडं कुणालाही करता येऊ लागलं आणि गंमत अशी, की अडीचशे वर्षांपूर्वीची अडचण जशीच्या तशी परत आली. साध्या इंकजेटची शाई पाण्यात विरघळणारी असते. त्यावर पाण्याचा ॲक्रिलिक लेप ब्रशने मारला, की आजीच्या साडीचा काठ तिच्या चेहऱ्यावर उतरतो. उपाय स्पिल्सबरीच्या काळच्या छापखान्यासारखाच, आधी रंग थिजवायचा आणि मग लेप द्यायचा. फवाऱ्याचे तीन-चार अतिशय पातळ थर, मध्ये पुरेसा वेळ आणि ते पक्के झाल्यावरच ब्रश. रंगद्रव्याच्या शाईचा प्रिंटर असेल तर काम बरंच सोपं. चकचकीत फोटो कागदावर प्लास्टिकचा थर असतो, तो चिकटवण शोषत नाही आणि करवतीखाली पापुद्र्यासारखा सुटतो, म्हणून अनुभवी लोक मॅट कागद पसंत करतात.

जुन्या कोड्यांच्या जपणुकीत याच लेपाने संशोधकांना मदत केली आहे. डब्यावर नाव नसलेली, तारीख नसलेली हजारो घरगुती कोडी संग्रहांत आहेत. तुकड्याच्या एका कोपऱ्यात शुद्ध स्पिरिटाचा सूक्ष्म थेंब लावला आणि थर चिकट झाला, तर बहुधा लाख. स्पिरिटाला दाद न देता लॅकर थिनरने मऊ झाला, तर नायट्रोसेल्युलोज, म्हणजे काम १९२०च्या आधीचं असण्याची शक्यता कमी. दोन्हींना जुमानलं नाही आणि रंग पिवळट असेल, तर जवसाच्या तेलाचं व्हार्निश. एवढ्यावरून वय छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण नंतर कुणीतरी हौसेने नवा हात मारलेला असू शकतो. लाकूड, चित्राची छपाई आणि करवतीचा माग यांच्याशी ताडूनच मत बनवावं लागतं. लेपच दिलेला नसेल, तर ओलं फडकं लांब ठेवून मऊ कोरड्या खोडरबराने हलकेच पुसणं एवढंच करायचं असतं.

लाखेचा अभ्यास करणारी संस्था रांचीजवळ नामकुमला १९२४ साली सुरू झाली, ती आजही काम करते. लाख आता गोळ्या-औषधांवर, मिठाईवर, फळांवर चढते. कोड्यांच्या दुकानात तिची जागा बहुतांशी ॲक्रिलिकने घेतली आहे. तरीही हाताने कोडी कापणाऱ्यांमध्ये चपडी लाख घरी भिजत घालणारे लोक आहेत, कारण पन्नास वर्षांनी कुणाला दुरुस्ती करावीशी वाटली तर हा थर स्पिरिटाने मोकळा होतो. ॲक्रिलिक आणि पॉलियुरेथेनच्या बाबतीत पुढच्या दुरुस्तीकाराला आधी थर ओळखावा लागेल आणि तो उतरवताना चित्र गमावण्याचा धोका पत्करावा लागेल. म्हणून आज घरच्या फोटोचं कोडं करणाऱ्याने डब्याच्या तळाशी आपलं नाव, शाई कुठली, चिकटवण कुठलं, लेप कुठला आणि साल कुठलं, एवढं पेन्सिलीने जरूर लिहावं. मंदीतल्या त्या बेकार सुतारांनी हे लिहिलं असतं, तर त्यांची कोडी आज निनावी राहिली नसती.